हुबळीला लेफॉर्न हवा आहे

टोनी हिलरमनच्या कादंबऱ्यांचा विषय मराठी वाचकांत काढला की ठरलेले प्रश्न येतात. अमेरिकेतल्या वाळवंटात राहणारे नवाहो आदिवासी, त्यांचे स्वतःचे पोलिस, त्यांच्या मुलखातले खून. वाचायला छान, पण आपला त्याच्याशी संबंध काय? जरा जास्त वाचलेले लोक म्हणतात की ही शेवटी करमणुकीची पुस्तके, आदिवासी जीवन त्यात रंग भरण्यापुरते, आणि लिहिणारा तर गोरा. सर्वांत गंभीर आक्षेप चळवळीतल्या माणसांचा असतो. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणून तो आक्षेप मी नीट ऐकतो. ते विचारतात: ज्या जमातींच्या कपाळावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्या वस्तीत पुन्हा खुनाच्या गोष्टी कशाला नेता? त्यांचे दुःख त्यांनी आत्मकथनांत मांडले आहे, तेच पुरे आहे.

यातले बहुतेक मला मान्य नाही. नवाहो पोलिसांची रहस्यकथा ज्या प्रदेशाने सर्वांत आधी वाचायला हवी, आणि तसे काही लिहायला हवे, तो प्रदेश हुबळी-धारवाडचा आहे असे माझे ठाम मत आहे.

‘संबंध काय’ हा प्रश्न धारवाडात तरी कोणी विचारू नये. इथल्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टरची ‘द लाइट इन द फॉरेस्ट’ ही कादंबरी ‘रानातील प्रकाश’ या नावाने मराठीत आणली. डेलावेअर आदिवासींनी वाढवलेला एक गोरा मुलगा, त्याला बळजबरीने गोऱ्या आईबापांकडे परत पाठवले जाते, आणि मग तो कुठलाच राहत नाही. एकसंब्यासारख्या सीमेवरच्या गावात जन्मलेल्या आणि कानडी मुलखात राहून मराठीत लिहिणाऱ्या जीएंना ही गोष्ट परकी वाटली नाही.

आता पुस्तकांकडे येतो. हिलरमन १९२५ साली ओक्लाहोमात जन्मला. घर शेतकऱ्याचे, गरीब. पोटावाटोमी जमातीच्या मुलींसाठी चालवलेल्या मिशनरी शाळेत तो शिकला. दुसऱ्या महायुद्धात लढून, जखमी होऊन परत आला, वार्ताहर झाला, पुढे न्यू मेक्सिको विद्यापीठात पत्रकारिता शिकवू लागला. १९७० मध्ये ‘द ब्लेसिंग वे’ ही त्याची पहिली कादंबरी आली. ती छापून येण्यापूर्वी त्याच्या साहित्यिक एजंटने सल्ला दिला होता की यातला आदिवासींचा भाग काढून टाक. त्याने तो काढला नाही. पुढच्या छत्तीस वर्षांत लेफ्टनंट जो लेफॉर्न आणि त्याचा तरुण सहकारी जिम ची यांच्या अठरा कादंबऱ्या झाल्या.

आदिवासी जीवन यात केवळ रंगापुरते आहे म्हणणाऱ्याने ‘डान्स हॉल ऑफ द डेड’ पुन्हा उघडावी. १९७३ च्या या कादंबरीला एडगर पुरस्कार मिळाला आहे. झुनी जमातीचा एक मुलगा नाहीसा होतो. धार्मिक सोहळ्यात त्याला अग्निदेवतेची भूमिका करायची असते. त्याच्याबरोबर त्याचा नवाहो मित्रही नाहीसा होतो, आणि संशय सरळ त्या मित्राकडे वळतो. संघराज्याचे अधिकारी अमली पदार्थांच्या मागावर आहेत, त्यांना त्या नवाहो मुलात फारसा रस नाही. लेफॉर्न एकटा त्या मुलाच्या मागे लागतो आणि तो का पळाला असेल याचा विचार करतो. त्या मुलाच्या मनात झुनींचे देव काय आहेत, हे कळल्याशिवाय त्याच्या पळण्याची दिशा कळत नाही. खुनी कोण हे मी इथे सांगणार नाही. इतके सांगतो की झुनींचा धर्म आणि तिथले पुरातत्त्व उत्खनन कथेतून काढले तर खुनाचे कारणच उरत नाही. ‘स्किनवॉकर्स’ (१९८६) मध्येही असेच आहे. लेफॉर्नला चेटकाच्या गोष्टींचा तिटकारा आहे, ची मात्र स्वतः विधी करणारा गायक-वैद्य व्हायला शिकतो आहे. चेटूक खरे की खोटे यावर कादंबरी वेळ घालवत नाही. माणसे ते खरे मानतात आणि त्यापायी जीव घेतात, हा तिथे पुरावा असतो. ज्याला हा पुरावा वाचता येत नाही त्याला खून उलगडत नाही.

आणि एक गोष्ट, जी आपल्याकडचे वाचक पटकन ओलांडून जातात. नवाहो मुलखातला खून नवाहो पोलिसांचा नसतो. १८८५ च्या एका कायद्याने आदिवासी राखीव प्रदेशातले खुनासारखे गंभीर गुन्हे अमेरिकेच्या संघराज्याकडे गेले. तपास एफबीआयचा, खटला संघराज्याच्या न्यायालयात. लेफॉर्नला वाट माहीत, बोली माहीत, कोण आईच्या कोणत्या कुळात जन्मले आणि बापाच्या कोणत्या कुळासाठी जन्मले ते माहीत. म्हाताऱ्या बाईला प्रश्न विचारल्यावर तिचे मौन मोडायचे नाही, हेही त्याला माहीत. पण फाइल दुसऱ्याच्या टेबलावर. ज्याला कळते त्याच्या हातात अधिकार नाही आणि ज्याच्या हातात अधिकार आहे त्याला कळत नाही. अठराही कादंबऱ्या या एका अन्यायावर उभ्या आहेत.

असाच अन्याय आमच्या शहरात घडला, आणि त्याची जागा अजून आहे.

हुबळीत ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. नव्या पिढीला ते एखाद्या वसाहतीचे नाव वाटते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला आणि १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही जोरात राबवला गेला. हुबळी-धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर, बारामती अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. घंटीचोर, कोरवा, हरणशिकारी अशा जमातींची कुटुंबे आणून तिथे डांबली. मोठी माणसे गिरणीत आणि रेल्वेच्या कामावर, रोजची हजेरी, बाहेर जायचे तर पास. मूल जन्मले की तेही त्या घोषित जमातीचेच झाले. एखादी जमात गुन्हेगार आहे अशी घोषणा सरकारने केली की ती योग्य आहे का, हे तपासण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नव्हता.

रहस्यकथेच्या वाचकाने या शेवटच्या वाक्यावर थांबावे. रहस्यकथा कुठून सुरू होते? खून झाला आहे आणि कोणी केला ते ठाऊक नाही, इथून. मालक असो, नोकर असो, पाद्री असो की डॉक्टर, शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळे सारखे संशयित आणि सगळे सारखे निर्दोष. या साहित्यप्रकाराचा हा नियमच आहे, आणि माझ्या मते त्यातली खरी नीतीही हीच आहे. गुन्हेगार जमाती कायद्याने याच्या नेमके उलटे केले. गुन्हा घडण्याआधी गुन्हेगार ठरवला. ज्या राज्यात हे चालते तिथे तपास नावाची गोष्ट उरत नाही, उरते फक्त वस्तीवर जाऊन माणसे उचलणे. म्हणून या जमातींच्या वस्तीत रहस्यकथा नेऊ नका म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: ज्यांना ‘कोणी केले ठाऊक नाही’ या साध्या न्यायापासून पिढ्यान् पिढ्या दूर ठेवले, त्यांना तो न्याय देणारा साहित्यप्रकारही नाकारायचा का?

कोणी म्हणतील, अमेरिकेत आदिवासींचे पोलिस आहेत, आपल्या कायद्यात तशी सोय नाही, मग असला नायक आणायचा कुठून? तो आपल्याकडे इंग्रजांच्याही आधीपासून होता. घाटावर रामोशी, इकडे कर्नाटकात तळवार म्हणून काम करणारे बेरड. गावची राखण त्यांच्याकडे असे. चोरी झाली की पावलांचा माग काढायचा आणि माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला तर तो तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा. माग पुढे नेता आला नाही तर जबाबदारी त्या गावाची. पेशवाई गेल्यानंतर एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात ही व्यवस्था नोंदवली आहे. वाळूतल्या टायरच्या खुणा आणि वाकलेले गवत वाचणारा लेफॉर्न आमच्या जुन्या तळवाराच्या जातकुळीचा आहे. बेरडांनी आणखी एक गोष्ट केली. १८५७ मध्ये शस्त्रे काढून घेण्याच्या हुकुमाविरुद्ध मुधोळजवळच्या हलगलीत ते उठले आणि त्यांना फासावर चढवले. ज्यांच्या हाती तपास होता तेच पुढे यादीतले संशयित झाले. एवढा मोठा उलटफेर जिथे घडला, तिथल्या कादंबरीकाराने विषय कमी पडतो म्हणू नये.

मराठी रहस्यकथेची परंपरा थोडी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक कथा लिहिल्या; झुंजार, काळापहाड, धनंजय यांनी लाखो माणसांना वाचायची सवय लावली. त्या सवयीचे ऋण मी मानतो. पण त्या कथांचे नायक मुंबईच्या बंगल्यांत आणि मोटारींत वावरले. माझ्या वाचनातल्या मराठी गुन्हेकथांत पालाची वस्ती आली तर पोलिस तिथे जाऊन कोणाला तरी धरून आणतात, इतकीच तिची जागा. त्या वस्तीतून एखादा फौजदार बाहेर पडतो आणि बंगल्यात जाऊन प्रश्न विचारतो, असे दृश्य मला कुठे भेटले नाही.

आता आत्मकथनांचा मुद्दा. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’, आणि आमच्या भागाला अगदी जवळचे, बेळगावजवळच्या यमुनापूरच्या भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’. पहिल्या दोघांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या पुस्तकांनी मराठी साहित्य बदलले, यात शंका नाही. ‘बेरड’ वाचताना चोरी कुठेही झाली तरी पोलिसांची पावले बेरडवस्तीकडेच कशी वळतात, हे वाचकाच्या अंगावर येते. पण ही सगळी संशयिताची साक्ष आहे. साक्षीचे मोल मोठे असले तरी साक्षीदाराला प्रश्न विचारता येत नाहीत, त्याला फक्त उत्तरे द्यायची असतात. पन्नास वर्षे आपण या माणसांकडून फक्त सोसल्याची कहाणी मागत राहिलो. बुद्धी, चिकाटी, तर्क, माणसांची पारख हे गुण त्यांच्या नायकाला द्यायची वेळ आली की आपण मागे सरतो. हा जिव्हाळा मला अपुरा वाटतो.

आणि हे सगळे जुने आहे, कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, आता काय त्याचे, असे म्हणणाऱ्यांसाठी नाशिक जिल्ह्यातले एक प्रकरण सांगतो. २००३ च्या जूनमध्ये रात्री शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबावर घाला. पाच जणांचा जीव गेला, आई आणि एक मुलगा वाचले. पोलिसांनी सहा जणांना आरोपी केले. गरीब मजूर, भटक्या जमातीचे. खालच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. मग फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. कारण? वाचलेल्या त्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांच्या संग्रहातून चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे या सहांत नव्हतीच. त्यांच्यावर खटलाच चालला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले, चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला आणि त्या चौघांविषयी पुढचा तपास करायला सांगितले. हे लोक भटक्या जमातीचे आणि गरीब आहेत, गंभीर गुन्ह्यांत अशा निरपराधांना अडकवले जाते, असेही निकालपत्रात स्पष्ट म्हटले.

सोळा वर्षे. सहा माणसांची सोळा वर्षे तुरुंगात गेली, त्यांतली कित्येक फाशीच्या छायेत. आपण ते ऐकून हळहळतो आणि थांबतो. पण त्या रात्री मेलेल्या पाच जणांचे काय? त्यांना कोणी मारले? खोटा संशय दोन अन्याय करतो, आणि दुसरा अन्याय मेलेल्या माणसावर होतो, कारण त्याचा खुनी मोकळा राहतो. हे रहस्यकथेला जितके नेमके कळते तितके दुसऱ्या साहित्यप्रकाराला कळत नाही. तिथे प्रेताशी इमान राखणारा एक माणूस असतो. साहेबांना घाई असते, पत्रकारांना नाव हवे असते, पण तो म्हणतो, थांबा, हा नव्हे. नाशिकच्या त्या प्रकरणात त्या आईचे पहिले बोट कुठे गेले होते, याचा पाठपुरावा करणारा एक हवालदार मिळाला असता तर? अशा हवालदाराची कल्पना करायला समाजाला कोण शिकवणार? माझे उत्तर आहे, कादंबरी.

शिक्का अगदी अलीकडेपर्यंत कागदावरूनही पुसला गेला नव्हता. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी टिकून होत्या. त्या घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑक्टोबर २०२४ चा आहे. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे उलटल्यावरचा.

गोऱ्या लेखकाचा आक्षेप मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यातले अर्धे खरे आहे. हिलरमन बाहेरचा होता. पवित्र विधींतल्या काही गोष्टी उघड्यावर मांडल्याबद्दल त्याच्यावर टीका झाली, आणि ती योग्य होती. पण नवाहो राष्ट्राने १९८७ मध्ये त्याला आपला खास मित्र म्हणून गौरवले, आणि तो सन्मान त्याने इतर सगळ्या पुरस्कारांच्या वर मानला. बाहेरच्याने लिहायचे तर आयुष्य खर्ची घालून लिहावे, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. आणि आता त्याच मुलखातून रमोना इमर्सन ही नवाहो लेखिका पुढे आली आहे. तिच्या ‘शटर’ (२०२२) या पहिल्याच कादंबरीची नायिका पोलिसखात्यासाठी गुन्ह्याच्या जागेची छायाचित्रे काढणारी नवाहो तरुणी आहे. तिथे बाहेरच्याने दार उघडले आणि मग घरचे आले. मराठीत आधी घरचेच आले, आत्मकथनांतून. म्हणून पुढचे पाऊल टाकायला आपल्याला कोणा हिलरमनची वाट पाहायची गरज नाही.

हुबळी-धारवाडात या कादंबरीचा मालमसाला किती पडला आहे! सेटलमेंटमधला फौजदार घरात कोरवांची किंवा हरणशिकाऱ्यांची बोली बोलेल, ठाण्यात कानडी, बाजारात मराठी आणि दखनी उर्दू, आयुक्तालयाच्या कागदावर कानडी आणि थोडी इंग्रजी. एखाद्या जबानीत कोण कुठल्या भाषेत खोटे बोलतो, हे त्यालाच कळेल. त्याच्या आजोबांनी हजेरी दिली त्याच शहरात तो हजेरीपट घेऊन उभा राहील. त्याच्या बढतीविषयी सहकारी काय कुजबुजतात, वस्तीतली माणसे त्याला आपला म्हणतात की सरकारचा, लग्नाला मुलगी द्यायला कोण तयार आहे, या सगळ्याची कथा खुनाच्या तपासातूनच सरकेल. लेफॉर्नच्या कथा अशाच सरकतात.

धारवाडला अजून एक अधिकार आहे. भाषाशास्त्रज्ञ गणेश देवी यांनी महाश्वेता देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांच्यासोबत १९९८ मध्ये विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी मंच उभारला. ३० ऑगस्ट २०१५ च्या सकाळी धारवाडच्या कल्याणनगरात कन्नड विद्वान डॉ. एम. एम. कलबुर्गी यांचा त्यांच्या घरी गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर देवी धारवाडात येऊन राहिले. खुनाचा तपास म्हणजे काय, तो लांबला की गावाच्या मनावर काय ओझे राहते, हे या शहराने पुस्तकातून शिकलेले नाही. चार वर्षांनी, २०१९ मध्ये आरोपपत्र दाखल झाले, तेही पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाचा तपास करणाऱ्या विशेष पथकाकडे प्रकरण गेल्यावर. तपास करणारा कोण आहे याने काय फरक पडतो, असे धारवाडात तरी कोणी विचारणार नाही.

म्हणून चळवळीतल्या मित्रांना माझी विनंती आहे की या साहित्यप्रकाराला वस्तीच्या वेशीवर अडवू नका. तुमची भीती मला समजते. वाईट लेखकाच्या हाती हा विषय पडला तर तो जुनाच शिक्का पुन्हा छापेल, हे खरे. त्यावर उपाय चांगली कादंबरी हाच आहे. प्रकाशकांनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी रहस्यकथा विशेषांक काढताना बेळगाव, हुबळी, गदग, सोलापूर, बारामती या गावांत एकदा पत्र टाकून पाहावे. आणि ज्या मुलामुलींचे आजी-आजोबा सेटलमेंटच्या हजेरीवर उभे होते, ज्यांतली काही आज वकील आहेत, शिक्षक आहेत, सरकारी खात्यांत आहेत, त्यांना मी सांगतो: तुमचा फौजदार तुम्ही लिहा. मराठीत लिहा, कानडीत लिहा, घरच्या बोलीतले संवाद तसेच ठेवा. खून कोणाचा करायचा आणि खुनी कोण, हे ठरवण्याचा हक्क या वेळी तुमचा आहे.